पश्चिमेच्या खिडकीतील डावी काच : ऊन आतला निर्वात बिघडवते का?

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात, कपाशी आणि संत्र्याच्या शेतांनी वेढलेल्या एका गावात, एका विश्वस्त संस्थेचा लहानसा दवाखाना आहे. त्याच्या औषधांच्या खोलीला दोन खिडक्या आहेत, एक पश्चिमेला आणि एक उत्तरेला. बऱ्याचशा औषधांच्या वेष्टनावर ‘२५ अंशांखाली ठेवावे’ किंवा ‘३० अंशांखाली ठेवावे’ असे छापलेले असते, आणि मे महिन्यात, विशेषतः नवतपाच्या दिवसांत, बाहेरचा पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळत असताना ही अट पाळणे सोपे नसते. घरोघरी चालणारा वाळ्याच्या ताट्यांचा कूलर येथे उपयोगी नाही, कारण त्याच्या दमट हवेने भुकट्या आणि कॅप्सूल ओलावा धरतात. म्हणून खोलीत वातानुकूलन यंत्र आहे. परंतु वीज गेली की खोलीतला गारवा किती वेळ टिकेल हे भिंती, छत आणि खिडक्या ठरवतात.

दवाखान्याच्या एका हितचिंतकाने डिसेंबर २०२२ मध्ये निर्वात काचेची, म्हणजे दोन पानांमधील हवा काढून घेतलेल्या काचेची, चार तावदाने भेट दिली. एकाच बनावटीची, ९० सेंटिमीटर उंच आणि ६० सेंटिमीटर रुंद अशी दोन तावदाने पश्चिमेच्या खिडकीत आणि दोन उत्तरेच्या खिडकीत बसवण्यात आली. पहिला उन्हाळा चांगला गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात, मे २०२४ मध्ये, औषधनिर्मात्याच्या लक्षात आले की पश्चिमेच्या खिडकीतील डावी काच संध्याकाळी आतून हात ठेववत नाही इतकी तापते. काचा बसवणाऱ्या कारागिराने पाहून सांगितले, “सर, ह्या काचा आपल्याकडच्या उन्हासाठी नाहीतच. उन्हानं आतली पोकळी खाल्ली. आज ही गेली, उद्या बाजूची जाईल.” उरलेल्या तीनही काचांवर आतून काळी फिल्म चिकटवावी असा त्याचा सल्ला होता, आणि विश्वस्तांनी तो जवळजवळ मान्यही केला होता. मी तालुक्याच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे, एवढ्या ओळखीवर त्यांनी मला एकदा पाहून जाण्यास सांगितले.

येथे एक कबुली आधीच द्यायला हवी. कारागिराचे म्हणणे मला पहिल्या दिवशी पटले होते, कारण प्रकाशामुळे अशा काचेच्या आत वायू सुटतो ही गोष्ट खरी आहे आणि ती मी वाचलेली होती. पुढे जे आढळले ते समजण्यासाठी ही काच आतून कशी असते आणि प्रकाश तिच्यात नेमके काय करतो हे थोडे सविस्तर पाहणे आवश्यक आहे.

निर्वात काच म्हणजे साध्या काचेची दोन पाने आणि त्यांच्यामध्ये ०.१ ते ०.२ मिलिमीटरची, पोस्टकार्डाच्या जाडीहूनही कमी अशी फट. फटीतील हवा काढून घेतलेली असते आणि चारही कडा वितळलेल्या काचेसारख्या द्रव्याने कायमच्या सांधलेल्या असतात. अशा काचेची कल्पना जर्मनीतील १९१३ सालच्या एका पेटंट अर्जात आढळते. परंतु टिकणारा निर्वात असलेली काच प्रत्यक्षात तयार झाली ती १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठात, रिचर्ड कॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून, आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये तिचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. बाहेरील हवेचा दाब दोन्ही पानांना एकमेकांवर दाबत असल्यामुळे मध्ये अगदी बारीक टेकू लागतात. काच जवळून पाहिली तर ते ठिपक्यांसारखे दिसतात. दवाखान्यातील एका काचेवर हवेचा एकूण भार साडेपाच टनांहून अधिक येतो. टेकू दोन-दोन सेंटिमीटरवर मांडलेले असले तर ते सुमारे तेराशे भरतात आणि प्रत्येकाला जवळपास चार किलोचा भार सोसावा लागतो.

काच उष्णता अडवते ती आतील दाब फार कमी असल्यामुळे. चांगल्या काचेत तो ०.१ पास्कलच्या खाली, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या दहा लाखांशाहूनही कमी ठेवावा लागतो. त्या स्थितीत आत उरलेले रेणू एकमेकांवर न आदळता थेट एका पानावरून दुसऱ्यावर जातात आणि ते इतके थोडे असतात की त्यांनी नेलेली उष्णता नगण्य ठरते. दाब १ पास्कलवर गेला तर केवळ उरलेल्या वायूतून जाणारी उष्णता ही टेकूंतून आणि प्रारणाने जाणाऱ्या उष्णतेच्या जवळपास बरोबरीची होते, म्हणजे काचेचा गुण साधारण निम्मा होतो. आत पूर्ण हवा शिरली तर अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद असलेली ती फट उष्णतेला काहीच अडवत नाही आणि एवढी महागडी काच साध्या तावदानाच्या पंक्तीला जाऊन बसते.

आता प्रकाशाकडे वळू. काच कितीही स्वच्छ धुतली तरी तिच्या पृष्ठभागावर पाण्याचे रेणू आणि कार्बनयुक्त पदार्थांचे अंश चिकटून राहतात, आणि पृष्ठभागाच्या किंचित खालीही पाणी मुरलेले असते. काच नुसती तापवली तर मुख्यतः पाण्याची वाफ सुटते, कारण पाण्याचे बरेच रेणू तुलनेने ढिले धरलेले असतात. प्रकाशाची तऱ्हा वेगळी आहे. खोलीच्या तापमानाला एका रेणूच्या वाट्याला येणारी उष्णतेची ऊर्जा साधारण ०.०२६ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या घरात असते आणि काच ६० अंशांपर्यंत तापली तरी ती ०.०२९ च्या आसपासच जाते. परंतु ३५० नॅनोमीटर लांबीच्या अतिनील लहरीचा एकच कण एका जागी साडेतीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा आणून टाकतो, म्हणजे शंभरपटीहून अधिक. उन्हाच्या उष्णतेने वर्षानुवर्षे न हलणारा बंध असा एखादा कण एका क्षणात तोडू शकतो. बाहेरील पान सुमारे ३२० नॅनोमीटरच्या खालचे किरण बहुतेक अडवते हे खरे असले, तरी त्यापुढचे अतिनील किरण मोठ्या प्रमाणात आत पोहोचतातच. उन्हात ठेवलेल्या अशा काचांमध्ये प्रकाशामुळे सुटणारे वायू प्रामुख्याने कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड असतात, आणि पृष्ठभागावर राहिलेल्या कार्बनयुक्त अंशांचे प्रकाशामुळे विघटन होते याची ती खूण आहे.

हा वायू किती लागतो याचा हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा स्वतःच चकित झालो. एक चौरस मीटर काचेतील फट ०.२ मिलिमीटरची धरली तर तिचे घनफळ केवळ २०० मिलिलिटर भरते. दवाखान्याच्या एका काचेतील पोकळी म्हणजे जेमतेम एक कप चहा. याउलट काचेच्या एका चौरस मीटरवर रेणूंचा एकच थर बसला तरी त्यात सुमारे दहाच्या एकोणिसाव्या घाताइतके रेणू असतात. तो संपूर्ण थर सुटून त्या चिमुकल्या पोकळीत आला तर दाब सुमारे २०० पास्कल होईल. म्हणजे ०.१ पास्कलची मर्यादा ओलांडायला एका थराचा दोन हजारावा भाग पुरेसा आहे. दवाखान्याच्या गच्चीवर पाणी तापवणाऱ्या सौर नळ्या आहेत. त्यांच्या दोन भिंतींमधील निर्वात फट सुमारे चार मिलिमीटरची असते, त्यामुळे पृष्ठभागावरून तितकाच वायू सुटला तरी तेथे दाब वीस पटींनी कमी वाढतो. शिवाय नळीच्या बुडाशी चांदीसारखा चकाकणारा बेरियमचा लेप असतो आणि आत हवा शिरली की तो पांढरा पडतो, हे आता गावातही पुष्कळांना माहीत आहे. खिडकीच्या या काचेत डोळ्यांना दिसणारी अशी कोणतीही खूण नव्हती, आणि या प्रकरणाचा अर्धा गुंता त्यातूनच निर्माण झाला.

या संकटावर बनवणाऱ्यांकडे दोन उपाय असतात. हवा ओढून घेत असतानाच काच पुष्कळ तापवून पृष्ठभागावरचे आणि आतले जेवढे निघेल तेवढे आधीच काढून टाकतात; काही ठिकाणी जोडणीपूर्वी अतिनील प्रकाश आणि ओझोन वापरून कार्बनयुक्त अंश जाळतात, म्हणजे उन्हाने पुढे जे केले असते ते कारखान्यातच उरकून घेतात. दुसरा उपाय म्हणजे काचेच्या एका कोपऱ्यात बसवलेली शोषक धातूची टिकली, जिला गेटर म्हणतात. ती कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन, पाण्याची वाफ, नायट्रोजन आणि ऑक्सिजन पकडून ठेवते. साध्या तापमानाला मिथेन तिच्या हाती सहसा लागत नाही आणि हेलियमसारखे निष्क्रिय वायू तर कधीच लागत नाहीत. परंतु प्रकाशाने सुटणाऱ्या वायूंचा मोठा वाटा ती गिळते. माझ्या मते याहून महत्त्वाची गोष्ट अशी की पृष्ठभागावरील त्या अंशांचा साठा मर्यादित असतो. ऊन तो हळूहळू संपवत जाते, त्यामुळे वायू सुटण्याचा वेग पहिल्या दिवसांत जास्त असतो आणि पुढे मंदावतो. काचेच्या कडेला भेग पडली तर मात्र बाहेर हवेचा अथांग साठा उभाच असतो, आणि ती आत भरेपर्यंत थांबत नाही.

म्हणून प्रश्न असा होता : डाव्या काचेत उन्हाने सुटलेला वायू आहे, की बाहेरून शिरलेली हवा?

संध्याकाळी उन्हात तापलेल्या काचेला हात लावून याचे उत्तर मिळत नाही. काच स्वतः ऊन शोषते, तिच्या आतील पृष्ठभागावरचा उष्णतारोधक लेपही काही ऊन शोषतो, आणि निर्वात शाबूत असलेली काचही त्यामुळे तापते. म्हणून आम्ही रात्री मोजायचे ठरवले. मे महिन्यात लागोपाठ तीन रात्री, दहाच्या सुमारास, बाहेर ३७ अंशांच्या आसपास तापमान असताना आणि खोली यंत्राने २७ अंशांवर ठेवलेली असताना, चारही काचांच्या आतील बाजूला मध्यभागी चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावून अवरक्त तापमापकाने त्याचे तापमान घेतले. पट्टी लावण्याचे कारण असे की गुळगुळीत काचेवर समोरच्या भिंतीचे आणि मोजणाऱ्याच्या अंगाचेही परावर्तन होते आणि तापमापक फसतो. उत्तरेच्या दोन्ही काचा २८ अंश निघाल्या. पश्चिमेची उजवी काच २८ ते साडेअठ्ठावीसच्या दरम्यान राहिली. डावी काच तिन्ही रात्री ३३ अंश होती.

दहा अंशांचा फरक असताना साध्या तावदानाची आतील बाजू साधारण किती तापावी, हे काचेच्या दोन्ही बाजूंच्या हवेचा उष्णतारोध धरून काढता येते. तो आकडा ३३ च्या जवळच येतो. दाब १० पास्कलपर्यंत चढला असता तर काच ३१ च्या आसपास राहिली असती. म्हणजे डाव्या काचेत थोडाफार वायू साचलेला नव्हता, निर्वात जवळजवळ पूर्ण गेलेला होता. तरीही केवळ या आकड्यावर मी प्रकाशाला निर्दोष ठरवले नसते. निर्णायक होती ती शेजारची उजवी काच. तिने तेच ऊन, तेवढेच महिने, त्याच भिंतीत आणि त्याच कोनातून घेतले होते. ऊन दोन जुळ्या काचांपैकी एकीचा निर्वात पूर्ण संपवते आणि एका हातावरच्या दुसरीला उत्तरेच्या काचांसारखेच ठेवते, असे घडायला दोघींच्या घडणीत फार मोठा फरक असावा लागेल. उजवीतील अर्ध्या अंशाच्या वाढीत उन्हाचा वाटा असू शकतो. परंतु तेवढा फरक त्या तापमापकाच्या स्वतःच्या चुकीतच मावतो, म्हणून त्यावरून काही अनुमान काढणे मी टाळले.

दुसरा पुरावा दवाखान्यात साफसफाई करणाऱ्या ताईंकडून आला, आणि मी मोजलेल्या आकड्यांपेक्षा तो अधिक मोलाचा आहे असे मला आजही वाटते. आम्ही पट्ट्या चिकटवत असताना त्या सहज म्हणाल्या, “ही काच तं मागच्या तान्ह्या पोळ्यापासूनच वेगळी आहे जी सर. त्या दिवशी पोरं नंदीबैल घेऊन येनार म्हणून मी बाहेरून पुसली, तं घडीभरानं पुन्हा पानी सुटलं. बाजूची कोल्ली ठक्क होती.” मी विचारले, “त्याआधी कधी असं पाणी सुटलं होतं का ताई?” त्या म्हणाल्या, “आषाढीले नव्हतं. तवा बी पुसल्या होत्या मी सगळ्या.”

पावसाळी दमट हवेत, आत यंत्र चालू असताना, ज्या काचेतून उष्णता सहज आत जाते तिची बाहेरील बाजू गार पडते आणि तिच्यावर दव जमते. निर्वात शाबूत असलेल्या काचेची बाहेरील बाजू बाहेरच्या हवेइतकीच उबदार राहते, म्हणून ती कोरडी राहते. म्हणजे ताईंनी त्या दिवशी फडक्याने जे टिपले ते निर्वात गेल्याचे पहिले चिन्ह होते. २०२३ मध्ये आषाढी एकादशी २९ जूनला होती. त्या वर्षी श्रावण अधिक आल्यामुळे पोळा लांबून १४ सप्टेंबरला आणि तान्हा पोळा त्याच्या दुसऱ्या दिवशी आला. काच बिघडली ती या अडीच महिन्यांत. वर्षातील सर्वांत कडक ऊन तिने त्याआधी एप्रिल आणि मे महिन्यांत झेलले होते आणि त्यानंतरही ती कोरडी होती. आभाळ भरलेले असण्याच्या, ऊन सर्वांत कमी असण्याच्या दिवसांत तिचा निर्वात गेला.

मग पावसाळ्यात असे काय झाले? जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही कारागिराला बोलावून काच चौकटीतून उतरवली. ती उतरवत असताना बारीक ठिपक्यांपैकी दोन-तीन आतल्या आत खाली घसरले. टेकू जागच्या जागी धरून ठेवतो तो बाहेरील हवेचा दाबच, तेव्हा आत आणि बाहेर दाब सारखा झाल्याचे याहून स्पष्ट दर्शन होणे कठीण. खालच्या डाव्या कोपऱ्यात, कडेच्या जोडापासून निघून सुमारे चार सेंटिमीटर वर गेलेली केसासारखी भेग सापडली. तिच्या बरोबर खाली, लोखंडी चौकट आणि काच यांच्या मध्ये, रबराच्या गादीऐवजी बाभळीची एक पाचर ठोकलेली होती. चौकट त्या कोपऱ्यात किंचित वाकडी असल्यामुळे काच समतल बसवण्यासाठी ती घातली होती, असे कारागिराने स्वतःच प्रामाणिकपणे सांगितले. पश्चिमेकडून मारणाऱ्या पावसाचे पाणी चौकटीच्या खाचेत साचत होते. पाचर भिजली, फुगली आणि काचेच्या कडेला वर रेटू लागली. साध्या काचेने हा रेटा कदाचित सोसला असता. निर्वात काचेची कड मात्र आधीच ताणाखाली असते, कारण तिचा जोड ताठ असतो आणि बाहेरचे पान गरम व आतले गार असले की दोघांना वेगवेगळे लांबायचे असते. काच दर अंशाला दहा लाखांत नऊ भाग वाढते. त्यामुळे दोन पानांत वीस अंशांचा फरक पडला तर ९० सेंटिमीटर उंचीत ०.१६ मिलिमीटरची ओढाताण होते आणि ती सगळी कडेच्या जोडाला सोसावी लागते. उन्हाचा या प्रकरणात काही हात असेल तर तो येथे आहे : त्याने दोन उन्हाळी महिने ती कड रोज ताणली आणि सैल सोडली, आणि पाचरीने पुढचे काम केले.

काळ्या फिल्मचा सल्ला यामुळेच घातक ठरला असता. ऊन आतला निर्वात खाते असे मानले तर ऊन अडवणारी फिल्म हा उपाय वाटतो. प्रत्यक्षात आतल्या पानावर चिकटवलेली काळी फिल्म, आत शिरलेले ऊन तेथेच शोषून ते पान तापवते. दोन पानांमधील तापमानाचा फरक दिवसभर वेडावाकडा बदलत राहतो आणि चौकटीच्या सावलीत झाकलेली कड गारच राहिल्यामुळे तिथला ताण आणखी वाढतो. शाबूत असलेल्या तीन काचा वाचवण्याच्या हेतूने त्यांनाच धोक्यात घातले गेले असते. ऊन अडवायचे असेल तर ते काचेच्या बाहेर अडवावे, आणि निर्वात काच असो वा नसो, पश्चिमेच्या भिंतीसाठी माझे मत तेच आहे. वातावरणाची उष्णता ही काच उत्तम अडवते. थेट आत येणाऱ्या उन्हाला ती एकटी पुरी पडत नाही.

त्याप्रमाणे लोखंडी चौकट सरळ करून घेतली, चारही काचांखाली रबराच्या गाद्या बसवल्या, खाचेतून पाणी वाहून जाण्यासाठी छिद्रे पाडली आणि पश्चिमेच्या खिडकीसमोर हातभर अंतर सोडून बांबूची तट्टी उभी केली. फुटलेल्या काचेच्या जागी नवी निर्वात काच घेण्याइतका पैसा संस्थेकडे नव्हता. तेथे साधी काच आणि तिच्या आतून लाकडी झडप लावली. औषधांची मांडणी त्या कोपऱ्यातून हलवून उत्तरेच्या भिंतीशी नेली.

रात्रीचे मोजमाप आता दरवर्षी मे महिन्यात, त्याच पद्धतीने, औषधनिर्माता स्वतः करतात आणि औषधांच्या नोंदवहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवतात. मे २०२५ च्या नोंदीत उत्तरेच्या दोन्ही काचांपुढे २८ आणि पश्चिमेच्या उजव्या काचेपुढे साडेअठ्ठावीस असे आकडे आहेत. पोळ्याच्या दिवसांत कोणत्या काचेवर दव आहे हे पाहण्याचे काम ताईंकडे आहे, आणि त्यासाठी नोंदवहीत वेगळा रकाना आखलेला आहे.